शिस्त असावी, पण शेजारच्या घरी

मेडिकल कॉलेजची फी दिनारमध्ये ऐकली की लहान वाटते. हे दिनारचं खास कसब आहे. बहारीनचा एक दिनार म्हणजे अडीच डॉलरहून जास्त, त्यामुळे कुठलीही रक्कम दिनारात सांगितली की ती आटोपशीर आणि घरंदाज दिसते. मग माणूस मोबाईलवर तिचे रुपये करतो आणि बसायला खुर्ची शोधतो. आमची कन्या बारावीला गेली त्या वर्षी घरातल्या सगळ्या खुर्च्या या कामी आल्या.

आम्ही राहतो बहारीनमध्ये, म्हणून पहिला मान या बेटावरच्याच कॉलेजचा. बुसैतीनला आयरिश मेडिकल युनिव्हर्सिटी आहे. मूळ संस्था डब्लिनची, १७८४ सालची. तेव्हा आपले सवाई माधवराव पेशवे दहा वर्षांचे होते. या संस्थेने २००४ साली बहारीनमध्ये कॉलेज काढलं. शेजारीच किंग हमद युनिव्हर्सिटी हॉस्पिटल. तिथून जाताना मी गाडीचा वेग कमी करत असे. त्या कॉलेजात माझी तेवढीच गुंतवणूक झाली. "किती बरं होईल," बायको म्हणाली, "पोरगी डोळ्यांसमोर राहील, रोज घरचा डबा नेईल." फीचा आकडा कळल्यावर डब्यात काय भरणार हा प्रश्न उभा राहिला आणि तो विषय तिथेच मिटला.

दुसरी अरेबियन गल्फ युनिव्हर्सिटी. आखाती देशांनी मिळून काढलेली, मेडिकलचे वर्ग १९८२ पासून. पण तिथे शिकणारी बहुतेक मुलं आखाती देशांचे नागरिक. आम्ही इथे इतका काळ काढला, इथला खुब्ज खाल्ला, उन्हाळे सोसले. पण कागदोपत्री आमचा मुक्काम रेसिडेन्स परमिटच्या तारखेपर्यंतच.

मग आले सल्लागार. परदेशी मेडिकलला पाठवणारे हे गृहस्थ मनामाच्या गुदैबिया भागातल्या एका हॉटेलात कडक चहा पाजून देश विकत. त्यांच्याकडे जॉर्जिया होतं, किरगिझस्तान होतं, कझाकस्तान आणि फिलिपिन्सही होतं.

"तिथे थंडी किती असते?" मी विचारलं.

"सर, थंडी आहे, पण इंडियन मेस आहे."

"शिकवतात कसं?"

"सर, शिकवणं चांगलं आहे. इंडियन मेस आहे."

"पण भारतात परत आल्यावर ती स्क्रीनिंग परीक्षा असते ना? त्यात तर बरीच मुलं नापास होतात म्हणे."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "सर, तोपर्यंत जेवणाची काळजी नाही."

राहता राहिला आपला देश. तिथल्या खाजगी डीम्ड कॉलेजांत एनआरआय कोटा असतो आणि त्याची फी डॉलरमध्ये सांगतात. एनआरआय म्हटलं की कोट्याला जो माणूस दिसतो, तो मी नव्हे. मी सुपरमार्केटात कांद्याच्या तीन ढिगांसमोर उभा राहून, भारतीय कांद्याकडे देशप्रेमाने एकदा बघून, स्वस्तातला दुसऱ्या देशाचा कांदा घेणारा माणूस आहे.

"मग सरकारी कॉलेज!" असं सगळे म्हणाले, आणि इथे खरी गंमत सुरू झाली. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांच्या राज्य कोट्यासाठी डोमिसाइल लागतं, शिवाय दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. आमच्या कन्येच्या दोन्ही परीक्षा बहारीनमधून. ती पुण्यात जन्मलेली. इथल्या गणपतीत दरवर्षी लेझीम खेळते. 'ळ' असा म्हणते की ऐकणाऱ्याने पेढा द्यावा. पुरणपोळी दुधाशी खायची की तुपाशी, यावर तिचं मत इतकं ठाम आहे की त्यावरून मावशीशी आठवडाभर अबोला झाला होता. यापेक्षा जास्त महाराष्ट्रीय व्हायचं म्हणजे विधानसभेचं तिकीटच घ्यावं लागेल. तरी सरकारदरबारी ती महाराष्ट्राबाहेरची.

मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा मात्र तिने इथूनच दिली. २०२२ पासून मनामात केंद्र मिळू लागलं आहे, ही मोठी सोय. मे महिन्यातला रविवार. भारतात सुट्टी, इथे कामाचा दिवस. भारतात दुपारचे दोन म्हणजे इथे साडेअकरा. पोरीने नियमाप्रमाणे अर्ध्या बाह्यांचा कुर्ता आणि पायांत चपला घातल्या. आत एसी असा लावलेला की इकडे आमच्या घामाच्या धारा आणि तिकडे तिच्या दातांवर दात. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेटबाहेर उभा होतो. माझ्यासारखे पुष्कळ बाप तिथे उभे होते, आणि प्रत्येकाचं तोंड असं की बायोलॉजीचा पेपर त्यालाच अवघड गेला होता.

मार्क चांगले आले. पण चांगले मार्क मिळालेली मुलं आपल्या देशात इतकी असतात की रँक विचारल्यावर अभिनंदन करणारा माणूस क्षणभर थांबायचा आणि मग "तब्येत सांभाळ हो" म्हणायचा.

अशा वेळी नागपूरच्या मेहुण्यांनी फोनवर नाव टाकलं, "सेवाग्राम बघितलं का?"

बघितलं. महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेलं. या बाई गांधीजींच्या डॉक्टर, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री. वर्ध्यापासून आठ किलोमीटर. गांधीजी १९३६ साली जिथे राहायला गेले त्याच गावात, बापूकुटीपासून जवळ. आणि फी! आकडा वाचून मी चष्मा पुसला. एखादं शून्य छापायचं राहिलं असेल म्हणून मोबाईल आडवा करूनही पाहिला. शून्य राहिलं नव्हतं. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं, पाव राज्य सरकार आणि उरलेला पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटी. शिवाय महाराष्ट्राबाहेरच्या मुलांसाठीही जागा ठेवण्याची तिथली जुनी रीत. म्हणजे महाराष्ट्राने बाहेरची ठरवलेली आमची मुलगी, बाहेरची म्हणून महाराष्ट्रात जाऊ शकत होती.

मग नियम वाचले. खादी सक्तीची, विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांनाही. जेवण शाकाहारी. दारू, तंबाखू बंद. अख्खा वर्धा जिल्हाच दारूबंदीचा. नव्या मुलांना सुरुवातीचे पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहायचं. पहाटे प्रार्थना, सफाई, श्रमदान, सूतकताई. पुढे प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायचं, तिथे जाऊन राहायचं, प्रत्येकाने वाटून दिलेल्या कुटुंबांची विचारपूस करायची. आणि तिथेच पुढे पीजी करायचं असेल तर आधी दोन वर्षं खेड्यात काम.

बायकोने फी वाचली. मग नियम वाचले. मग पुन्हा फी वाचली.

"कॉलेजचं नाव कसं आहे, ते आधी विचारू या," ती म्हणाली. मराठी कुटुंबात निर्णय लांबवायचा असला की नावाची चौकशी करतात. लग्नात ही रीत चालते, मग मेडिकलने काय घोडं मारलंय?

मी मेहुण्यांनाच फोन लावला. "कसं आहे हो ते कॉलेज?"

"कडक आहे म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगळेच म्हणतात."

"तुम्ही गेला आहात का कधी?"

"वर्ध्याला? दर महिन्याला जातो की. गोरसपाक आणायला."

सांगलीची आत्या म्हणाली, "खादी घालून पाच-साडेपाच वर्षं काढणार? मग स्थळं कशी येणार?" मी म्हटलं, "आत्या, ती डॉक्टर होणार आहे." आत्या म्हणाली, "म्हणून तर विचारते. डॉक्टरांची स्थळं फार कपडे बघतात."

ऑफिसातले एक सद्गृहस्थ खुर्ची ओढून जवळ आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "एवढी कमी फी? काहीतरी गोम असणार." या गृहस्थांनी मनामाच्या बाजारात मजुरी न लावणाऱ्या सोनाराकडे पाठ फिरवून, मजुरी लावणाऱ्याकडून तेवढ्याच वजनाची साखळी घेतली होती आणि वर्षभर त्या व्यवहाराचा अभिमान बाळगला होता. स्वस्त कॉलेजवर विश्वास कसा ठेवायचा हा अनेकांचा खराच प्रश्न असतो. फी भरताना छातीत कळ आली नाही, तर पोरगं हृदयरोग शिकणार कुठे?

समोरचे शेजारी कोळिकोडचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गांधीजींना त्यांचा पाठिंबा होता. खादीलाही होता. खेड्यातल्या सेवेला तर त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मासे?" मी म्हटलं, नाहीत. "शुक्रवारीसुद्धा?" मी म्हटलं, रोजच नाहीत. ते उठले, आमच्या कन्येच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता घरी गेले. जरा वेळाने त्यांच्या घरून तळलेल्या हमूर माशाची ताटली आली.

आमच्या मराठी मंडळाच्या खजिनदारांनी मात्र टेबलावर मूठ आपटली. "उत्तम! अहो, आजच्या पिढीला हेच पाहिजे. मॉल, मोबाईल, पिझ्झा, सगळं बंद! हातात झाडू द्या!"

"तुमचा चिरंजीवही पुढच्या वर्षी नीटला बसतोय ना?"

"हो, पण त्याला धुळीची ॲलर्जी आहे."

पुण्याच्या एका निवृत्त नातेवाइकांचं म्हणणं, कडकच हवं तर एएफएमसी बघा. १९४८ सालचं, लष्कराचं, पुण्यातलं. शिक्षणाचा खर्च सरकारचा. बदल्यात बाँड आणि लष्करात नोकरी. मला कल्पना पसंत पडली. संध्याकाळी मी कन्येला पहाटेच्या पीटीबद्दल सांगत होतो तेव्हा आम्ही दोघं पहिल्या मजल्यावर जाण्यासाठी लिफ्टची वाट बघत होतो. मी बोलणं थांबवलं. लिफ्ट यायची होती, आम्ही थांबलो.

शेवटी माझ्या आईला विचारलं. ती पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आली. नेहमीप्रमाणे पडद्यावर तिचं कपाळ आणि पंखा एवढंच दिसत होतं.

"जाऊ दे की पोरीला," आई म्हणाली. "तुझ्या आजोबांना किती बरं वाटलं असतं. जन्मभर खादी घातली त्यांनी."

"खादीचं एवढं अवघड असतं का गं?"

"घालायला काय अवघड? मी धुवायची."

इतक्या लोकांची मतं गोळा झाली आणि त्यांतल्या एकानेही त्या कॉलेजचा उंबरा ओलांडलेला नव्हता. तरी कॉलेजचं चित्र अगदी पक्कं उभं राहिलं. आत्याला तिथे वधूपरीक्षेला नापास झालेल्या मुली दिसत होत्या, शेजाऱ्यांना मासे नसलेलं जग, आणि खजिनदारांना दुसऱ्यांची सुधारलेली मुलं. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, असं आपल्याकडे म्हणतात ते या खजिनदारांना डोळ्यांसमोर ठेवूनच. अमुक कॉलेज कडक आहे हे सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते स्वतः त्या कडकपणातून गेलेल्याच्या चेहऱ्यावर सहसा नसतं. गेलेला माणूस नुसता हसतो आणि विषय बदलतो.

मी मात्र शास्त्रीय वृत्तीचा आहे. ऐकीव माहितीवर विसंबायचं नाही, आपण स्वतः प्रयोग करायचा, असं ठरवून मी घरात सेवाग्राम सुरू केलं. नियमांचा कागद फ्रिजवर चिकटवला. पहाटे पाचला उठणे. प्रार्थना. आपापली ताटं आपण घासणे. शाकाहार. श्रमदान. खादी. दुपारी एसी बंद, कारण वर्ध्याचा उन्हाळा सहज पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि सवय आधीपासून हवी.

पहिल्या पहाटे गजर झाला. मी तो ऐकला, बायकोला उठवलं आणि झोपलो. सात वाजता उठून पाहतो तर दोघी आंघोळ आटोपून चहा घेत होत्या. "प्रार्थना झाली?" मी दरडावून विचारलं. "झाली. तुमच्या घोरण्यात थोडा ताल सुटत होता," बायको म्हणाली.

श्रमदानासाठी मी इमारतीचा जिना निवडला. बादली आणि पोछा घेऊन उतरलो. अर्ध्या जिन्यापर्यंत पोहोचलो तोच सफाईचं काम करणारा बांगलादेशी तरुण आला. त्याने माझ्या हातातला पोछा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "साहब, मुझसे क्या गलती हुआ?" मी त्याला गांधीजी समजावू लागलो. त्याला वाटलं, गांधीजी हे नवे सुपरवायझर आहेत. शेवटी वॉचमन आला आणि त्याने माझी बादली मला परत घरी नेऊन ठेवायला लावली.

खादीचा कुर्ता एका सहकाऱ्याने पुण्याहून आणून दिला. पहिल्या धुण्यात त्याने रंग सोडला. मशीनमध्ये माझे ऑफिसचे पांढरे शर्ट होते, ते सगळे फिकट भगवे निघाले. सोमवारी ऑफिसात दोघांनी मला, भारतात परत जाऊन राजकारणात पडणार आहात का, असं हळूच विचारलं. दुसऱ्या धुण्यात कुर्ता आटला. लाँड्रीवाल्याने कडक इस्त्री करून तो हँगरवर लावून दिला आणि विचारलं, "बच्चे का है?"

एसीची दुपार सगळ्यांत ऐतिहासिक. बहारीनचा उन्हाळा काय चीज आहे हे इथे राहणाऱ्यालाच कळतं. सरकारलाही भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरच्या कामाला बंदी घालावी लागते. वर्ध्याचा उन्हाळा कोरडा, इथला समुद्रातून भिजून आलेला. मी एसी बंद केला. खिडकीच्या काचेवर बाहेरून पाणी ओघळतच होतं, दहा मिनिटांत ते माझ्यावरूनही ओघळू लागलं. थोड्या वेळाने फ्रिजवरचा नियमांचा कागद दमट होऊन सुटला आणि खाली पडला. पडला तो पालथा. मी हा दैवी कौल मानला आणि एसी लावला.

शाकाहार मात्र मी निष्ठेने पाळला. शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी शेजाऱ्यांकडून पुन्हा हमूर आला. नियम नीट वाचला तर तो आवारातल्या स्वयंपाकाविषयी आहे, आणि हा मासा आमच्या आवारात शिजलेला नव्हता, असं कायद्याचं मत मी मांडलं. घरात दुसरं मत असलेल्या दोघी तेव्हा मुगाची खिचडी खात होत्या.

कन्येने या काळात एकही तक्रार केली नाही. उठायची, ताट घासायची, अभ्यासाला बसायची. फक्त एकदा तिने विचारलं, "बाबा, ॲडमिशन कोणाची आहे?"

मला तिच्या आवाजात जरा उर्मटपणा वाटला, म्हणून मी तिला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगायला घेतली. १८८३ साल. अठरा वर्षांची मुलगी. नवरा गोपाळराव मागे ठेवून बोटीने अमेरिकेला. फिलाडेल्फियाच्या थंडीत अंगावर साडी. परका देश, परकी भाषा, खाण्यापिण्याचे हाल. आणि १८८६ साली डॉक्टर! "कॉलेज कडक आहे का, अशी कोणी चौकशी केली असेल का गं तेव्हा?"

"कशाला करतील?" बायको आतून म्हणाली. "घरात गोपाळराव होते ना."

मी गोष्ट जोरात पुढे नेली. बोट मुंबईला परत आली, आणि पुढे काय झालं ते आठवून मी एकदम थांबलो. "तर तात्पर्य काय," मी म्हणालो. तात्पर्य कोणालाच सांगता आलं नाही. बायकोने मला लिंबाचं सरबत दिलं आणि गोपाळरावांच्या बाबतीत हे कोणी केलं असतं तर बरं झालं असतं, असा चेहरा केला.

अखेर सेवाग्रामला खरोखर शिकलेल्या एक डॉक्टरबाई सापडल्या. मेहुण्यांच्या व्याह्यांच्या ओळखीतल्या, विदर्भातच प्रॅक्टिस करणाऱ्या. फोन स्पीकरवर ठेवला. खजिनदार आले, शेजारी आले, आई पुण्याहून कपाळासकट हजर झाली. मी कागदावर प्रश्न लिहूनच ठेवले होते.

"खादी रोज घालावी लागते?"

"रोज. त्यामुळे सकाळी कपाटासमोर उभं राहण्याचा वेळ वाचायचा. तेवढा वेळ झोपायचो."

"पण उकडत नाही?"

"मे महिन्यात वर्ध्याला खादी सोडून सगळ्यात उकडतं."

"मासे?" शेजाऱ्यांनी मागून आवाज दिला.

"सुट्टीला घरी गेलं की," डॉक्टरबाई म्हणाल्या. शेजाऱ्यांच्या जिवात जीव आला. म्हणजे सुट्टी असते तर.

खजिनदार पुढे सरसावले. "मॅडम, मुलांना चांगलं वठणीवर आणतात ना?"

"सगळ्यांचे कपडे सारखे, ताटातलं जेवण सारखं. कोण कोणाचा मुलगा हे कळायला तीन-चार महिने लागतात. तोवर मैत्री झालेली असते."

खजिनदारांना हे उत्तर वठणीच्या विरुद्ध वाटलं असावं. ते पाणी प्यायला आत गेले.

मी घसा साफ केला. "तुम्ही स्वतः काय सांगाल? कडक आहे का?"

पलीकडे डॉक्टरबाई नुसत्या हसल्या. मग म्हणाल्या, "मुलगी आहे का तिथे? तिला काही विचारायचं आहे का?"

आमच्या लक्षात आलं की हिला कोणी काही विचारलंच नव्हतं. कन्येने फोन जवळ ओढला. "पेशंटला हात लावायला पहिल्यांदा कधी मिळतं?"

खोलीत कोणी बोलेना. माझ्या कागदावर हा प्रश्न नव्हता. कोणाच्याच कागदावर नव्हता.

"पहिल्याच वर्षी गावात जाल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तिथे आधी लोकांच्या घरी बसून चहा प्यायला शिकायचं. माझ्या वाटच्या घरात एक आजी होत्या. मला नाडी बघायला हात पुढे करायच्या आणि मला काही केल्या नाडी सापडायची नाही. त्या म्हणायच्या, शोध बाई, शोध, मला कुठं जायचंय."

कन्या हसली आणि फोनचा स्पीकर बंद करून तो कानाला लावून गॅलरीत गेली. आत एसीत आम्ही, बाहेर त्या दमट उन्हात ती. बोलणं बराच वेळ चाललं. आत आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. आई पडद्यावरून म्हणाली, "तुमचे प्रश्न संपले असतील तर मी ठेवू का?"

मग आली कॉलेजांची पसंती भरायची रात्र. हा आमच्याकडे सण असतो. खजिनदारांनी एक क्रम पाठवला, मेहुण्यांनी दुसरा, आत्याने तिसरा. आत्याच्या यादीत पुण्यामुंबईची कॉलेजं वरच्या क्रमांकावर होती, कारण तिथे स्थळं जास्त. सल्लागारांनी कझाकस्तानच्या मेसचा नवा मेन्यू पाठवला. रविवारी छोले-भटुरे होते. मी सगळ्यांचे क्रम एका तक्त्यात मांडले, फी, अंतर, हवामान आणि कडकपणा यांना गुण दिले, बेरीज केली. पहिला क्रमांक पुन्हा बुसैतीनचा आला. घरच्या डब्याला मी फारच गुण दिले होते.

तक्ता घेऊन कन्येच्या खोलीत गेलो तर ती झोपायच्या तयारीत.

"अगं, पसंती भरायची आहे."

"भरली. दुपारीच."

"आणि पहिलं कोणतं?"

"सेवाग्राम. मिळेलच असं नाही. पण पहिलं तेच."

मी तक्ता घडी करून खिशात ठेवला. माझ्या मागे येऊन उभी राहिलेली बायको तोपर्यंत लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट लागतं का, आणि विमानात लोणचं तेलासकट चालतं का, या विचारात शिरली होती. माझ्याही अंगात एकदम उत्साह संचारला. "मिळालं तर सोडायला मी येणार. नागपूरला उतरू, वर्ध्याला जाऊ, बापूकुटी बघू. पहिले चार दिवस मी तिथेच राहतो. तुम्हा मुलांबरोबर पहाटे प्रार्थनेला येईन, जमलं तर सफाईलाही. आणि काय गं, त्या कॉलेजात जायचं म्हणजे मलाही तो खादीचा कुर्ता घालूनच यावं लागेल का?"

कन्येने दिवा मालवता मालवता माझ्याकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही गेटबाहेरच थांबा. आत फार कडक आहे म्हणतात."